काटकोनाशिवायचं सुतारकाम

छोट्या बोटीच्या केबिनचं काम म्हणजे घरचंच फर्निचर, फक्त जरा लहान, असं समजून आत उतरलं की सुताराची दोन विश्वासू हत्यारं पहिल्याच तासात निरुपयोगी होतात: गुण्या आणि पाणसळ. बोटीच्या पोटात काटकोन नावाची गोष्ट नसते. तळ मधोमध खोल आणि कडांकडे चढत गेलेला, भिंती खालून वर बाहेर कललेल्या, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जाता जाता त्याच भिंती एकमेकींना येऊन भिडलेल्या, आणि छपराला मध्यावर फुगवटा. त्यात बोट पाण्यात असेल तर आपण उजव्या पायावर भार दिला की पाणसळीतला बुडबुडा डावीकडे पळतो. कपाट सरळ बसलंय की वाकडं, हे ठरवायचं कशावरून?

तरीही हे काम स्वतः करण्यासारखं आहे. फायबरचं नुसतं कवच विकत मिळतं, जुनी बोट आतून रिकामी करूनही घेता येते. आतलं घर दुसऱ्याकडून करून घेतलं तर कोणता स्क्रू कशाला धरून ठेवतो, कोणत्या फळीमागून कोणती नळी गेली आहे, हे आपल्याला माहीत नसतं. रात्री तळात पाणी वाढतंय असं लक्षात आलं, तर आधी कोणती फळी उचकटायची हे बांधणाऱ्यालाच सुचतं. पैशांची बचत आणि हौस या गोष्टी त्यानंतरच्या.

भिवंडीकराला यात एक सोय आहे. राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात गोदामांना अंत नाही, आणि प्लायवूड, स्टीलचं हार्डवेअर, फोम असा बहुतेक माल रिक्षा-टेम्पोच्या अंतरावर मिळतो. यंत्रमागांच्या गावात कापडाची तर कमतरताच नाही. खाडीही पायाशीच आहे: कामवारी नदी भिवंडीतून पुढे जाऊन वसईच्या खाडीला मिळते. काल्हेर-कशेळीच्या या पाण्यात हातपाटीने रेती काढणारे डुबीवाले पिढ्यान् पिढ्या होड्यांवर राबले. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराच्या बांधणीला याच खाडीच्या काठी सुरुवात झाली. १६५९ मधल्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी आणि कल्याणला लढाऊ गलबतं बांधली जात असल्याची चिंता उमटलेली आहे. त्या कामावरचा रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून काम अर्धवट टाकून पळाला, तरी आरमार उभं राहिलंच. जहाजाचं सुतारकाम या मातीला परकं नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

सुरुवात प्लायवूडपासून करायला हवी, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. दुकानात गेलं की प्रत्येक शीट ‘मरीन’ असते. भारतीय मानकांत दोन आकडे लक्षात ठेवायचे: ३०३ आणि ७१०. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लाय, त्यातली बीडब्ल्यूआर जात स्वयंपाकघराच्या कपाटाला चालते. मरीन म्हणायचं ते आयएस ७१०. त्यात थरांमधला गोंद फिनॉलचा असतो, तो ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, आणि लाकडावर कीड-बुरशीविरोधी प्रक्रिया केलेली असावी लागते. शीटवर आयएसआय शिक्का, मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे की नाही आणि कोणाच्या नावावर आहे, हे दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, लाजायचं कारण नाही.

त्यापुढची परीक्षा घरच्या गॅसवर. तळहाताएवढा तुकडा मागून घ्यावा, पातेल्यात वजनाखाली दाबून काही तास उकळावा, उन्हात कडक वाळवावा, पुन्हा उकळावा. मग पटाशी दोन थरांच्या मध्ये घालून उचकटावं. गोंद चांगला असेल तर लाकूड फाटतं, तुसं निघतात, पण थर सुटत नाहीत. थर पापडासारखे वेगळे झाले तर तो माल परत. शीटच्या चारही कडाही बारकाईने पाहाव्यात. मधल्या थरांत बोटभर पोकळ्या दिसल्या तर त्या आतही आहेत असं समजावं. अशा पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि प्लाय आतून कुजत जातं.

जाडीच्या बाबतीतही घरची सवय आड येते. आपला सुतार १८ मिलिमीटरखाली बोलायला तयार नसतो. हिशेब करून पाहा. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची शीट साधारण ३७ किलोची भरते, १२ची २५ किलो, ६ची साडेबारा. चोवीस-पंचवीस फुटांच्या बोटीत अशा दहा-बारा शीट सहज जातात. सगळं १८मध्ये केलं तर चारशे किलोच्या आसपास वजन आत आलं, म्हणजे पाचसहा माणसं कायमची बसवून ठेवल्यासारखं. बोट तेवढी खाली बसते, आणि हे वजन पाण्याच्या रेषेच्या वर असेल तर ती डोलते जास्त आणि सरळ उशिरा होते. म्हणून बोटीच्या आरपार जाणाऱ्या आडव्या भिंतींना १२, बर्थच्या तळाला ९ ते १२, कपाटांच्या दारांना ६ आणि त्यामागे लाकडाची हलकी चौकट, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. बोटीत मजबुती जाडीतून कमी आणि जोडणीतून जास्त येते.

जोडणीचं महत्त्व सांगायला मुंबईतच बांधलेल्या एका बोटीइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. १९६३-६४ मध्ये त्याने मुंबईत ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी शिडाची बोट सागवानात बांधून घेतली. आपल्या सुतारांनी ती वाकस आणि दोरीने फिरवायच्या सामत्यासारख्या हातहत्यारांनी घडवली. तिच्यातून तो १४ जून १९६८ला इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ला परतला. असं करणारा तो पहिला माणूस. तो प्रवास एका शर्यतीचा भाग होता, आणि तीत निघालेल्या नऊ जणांपैकी पोचला तो एकटाच. आपल्या विषयाशी संबंध येतो तो सप्टेंबर १९६८च्या एका रात्रीचा. आफ्रिकेच्या दक्षिणेच्या समुद्रात लाटेने ‘सुहैली’ला आडवं पाडलं. बोट उठली. नंतर त्याने आत पाहिलं तर केबिन जिथे डेकला बसते त्या कडेने भेगा गेल्या होत्या आणि आतल्या आडव्या भिंती जागेवरून किंचित सरकल्या होत्या. केबिन उडाली असती तर त्या जागी डेकला खोलीएवढं भोक उरलं असतं. टाकीतलं पिण्याचं पाणीही पुढे खराब निघालं, आणि तो पावसाच्या पाण्यावर राहिला.

या प्रसंगावरून आतल्या भिंतींचं खरं काम कळतं. बल्कहेड म्हणजे बोटीच्या आरपार उभी केलेली आडवी भिंत. खोली वेगळी करणं हा तिचा दुय्यम उपयोग. लाट बाजूने आदळते तेव्हा कवच चेपू नये म्हणून ती आतून धरून ठेवते, डोलकाठीचा दाब खाली बोटीच्या कण्यापर्यंत, म्हणजे कीलपर्यंत, पोचवते, केबिनच्या छपराला उचलून धरते. बर्थचा लांब कठडा, कपाटाची पाठ, ओट्याची बाजू, हे सगळं कवचाला नीट जोडलं तर प्रत्येक तुकडा बोटीची बरगडी होतो. नुसतं टेकवून ठेवलं तर तेच सामान वादळात सुटून माणसाच्या अंगावर येतं. पाण्याच्या टाक्या दोन आणि एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात, हेही त्याच प्रवासाने शिकवलं.

आता एक बल्कहेड बसवून पाहू. जमिनीवर उभी असलेली बोट आधी सर्व बाजूंनी सारखा टेकू देऊन तिच्या पाणरेषेप्रमाणे समतल करून घ्यायची. टेकू दोनच ठिकाणी जोरात लागला असेल तर फायबरचं कवच तिथे आत दबतं. त्या दबलेल्या आकारात भिंत बसवली तर बोट पाण्यात उतरल्यावर कवच मूळ आकारात येऊ पाहतं आणि जोड ताणले जातात. समतल झाल्यावर मधोमध, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, एक दोरी ताणायची. इथून पुढे सगळी मापं या दोरीपासून. पाणसळ आता पुन्हा उपयोगाची झाली, पण पाण्यात उतरेपर्यंतच.

भिंत जिथे उभी राहणार तिथे एक खराब प्लायचा तुकडा काटकोनात उभा करून क्लॅम्पने पक्का करायचा. हा फर्मा. त्याचा आकार कवचाशी जुळायची गरज नाही, चारही बाजूंनी वीत-दीड वीत फट राहिली तरी चालते. मग हातभर लांबीची पातळ पट्टी घ्यायची, जिचं एक टोक अणकुचीदार आणि एका कडेला वेड्यावाकड्या खाचा पाडलेल्या. पट्टी फर्म्यावर सपाट ठेवून टोक कवचाला टेकवायचं आणि खाचांच्या कडेने पेन्सिल फिरवायची. खाचा वेड्यावाकड्या असल्यामुळे ती रेघ दुसऱ्या कुठल्याही रेघेशी जुळू शकत नाही. शेजारी क्रमांक टाकायचा. चार-चार इंचांवर, आणि जिथे वळण जास्त तिथे दोन-दोन इंचांवर, हेच करत सगळा घेर पुरा करायचा. फर्मा बाहेर काढून खऱ्या प्लायवर आडवा टाकायचा, पट्टी एकेका रेघेवर बरोबर बसवायची आणि तिचं टोक जिथे येईल तिथे खूण करायची. त्या खुणांवरून लवचीक पट्टी वाकवून रेघ ओढली की कवचाचा अचूक आकार प्लायवर उतरतो. एकही आकडा लिहावा लागत नाही, म्हणून चुकीचं माप वाचायची भीतीही नाही. या कामाला लेझर वापरणारे आहेत, पण घरी एकट्याने करायला या पट्टीसारखं साधन नाही असं माझं ठाम मत आहे.

कापण्याआधी मात्र दार पाहून घ्यावं. म्हणजे बोटीत उतरायचं तोंड. ते दोन-सव्वादोन फूट रुंद असेल तर साडेसात फुटांची भिंत अखंड आत जाणार नाही. दोन तुकड्यांत करून आत जोडायची, आणि तो जोड कुठे येईल हे कागदावर आधीच ठरवायचं.

कापलेली भिंत कवचाला थेट टेकवू नये. प्लायची कठीण धार आणि फायबर यांच्यात अर्धा-एक सेंटीमीटर फट ठेवून त्यात फोमची पट्टी घालतात. नाहीतर लाट आदळली की कवच त्या धारेवरच वाकतं, वर्षानुवर्षं तिथेच वाकत राहतं आणि बाहेरून उभी रेघ उमटते, पुढे तडा जातो. फटीच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सीत भुकटी कालवून केलेला मलम भरायचा आणि चमच्याच्या पाठीने त्याला गोलाई द्यायची, म्हणजे फायबरच्या पट्ट्यांना काटकोनी कोपरा मिळत नाही. मग काचतंतूची पट्टी अर्धी भिंतीवर, अर्धी कवचावर, प्रत्येक पुढची पट्टी आधीपेक्षा रुंद, असे तीन-चार थर, दोन्ही बाजूंनी. त्याआधी कवच जाड सॅंडपेपरने खरवडून पांढरं करणं आणि ॲसिटोनने पुसणं यात कसूर नको. गुळगुळीत फायबरवर काहीही पक्कं धरत नाही. खरवडताना उडणारी काचेची धूळ कातडीत रुतते आणि फुप्फुसात गेली तर फार वाईट. पूर्ण बाह्यांचा शर्ट, चांगला मास्क, चष्मा, आणि काम संपल्यावर गार पाण्याने अंघोळ. रेझिन पॉलिएस्टरचं स्वस्त पडतं, पण लाकडाला इपॉक्सी कितीतरी चांगलं धरतं. आतल्या जोडकामात तिथे काटकसर करू नये.

भिवंडीची हवाही या कामात भाग घेते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली इपॉक्सी डब्यातच तापून धुरू लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ते हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. थोडं थोडं कालवावं, पसरट ताटलीत ओतावं, काम पहाटे उरकावं. पावसाळ्यात अडचण उलटी. दमट हवेत सुकणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, आणि त्यावर पुढचा थर किंवा रंग बसत नाही. साबण नको, रसायन नको. साधं पाणी आणि भांडी घासायची घासणी घेऊन तो धुऊन काढावा, मग सॅंडपेपर मारावा. बरेच जण आधी सॅंडपेपर मारतात आणि तो मेणचट थर लाकडात घोळवतात.

प्लायच्या प्रत्येक कापलेल्या कडेला इपॉक्सी तीनदा प्यायला द्यावं. पाणी पृष्ठभागातून फारसं शिरत नाही, शिरतं ते कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. म्हणून जिथे नट-बोल्ट येणार तिथे भोक मोठं पाडायचं, ते इपॉक्सीने पूर्ण भरायचं आणि वाळल्यावर त्यात नेमकं भोक पाडायचं. बोल्टच्या भोवती लाकूड उघडं राहतच नाही. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टीलचे घ्यावेत. ३०४ आतल्या कोरड्या जागी चालतो, पण ओल्या फटीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेस म्हणवणारं स्टीलही खड्डे पडून गंजतं. जिप्समच्या छताला वापरतात ते काळे स्क्रू एका पावसाळ्यात तपकिरी ओघळ सोडतात. घरच्या फर्निचरचा पांढरा गोंदही इथे बाद. आणि सागवान वापरणार असाल तर ते निसर्गतः तेलकट असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावावा. त्या तेलानेच सागवान टिकतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

आता राहण्याची गोष्ट. बर्थ साडेसहा फूट लांब हवा, खांद्यापाशी दोन फूट रुंद, पायाशी सव्वा फूटही पुरतो. यापेक्षा रुंद बर्थ बंदरात सुखाचा वाटतो, पण समुद्रात त्यात माणूस गडगडत राहतो आणि झोप लागत नाही. उघड्या बाजूला कापडाची आड हवी: गादीखालून निघून वर छपराला दोरीने बांधलेली, फूट-दीड फूट उंच. बोट कलली की माणूस त्या कापडात विसावतो. जाळीदार विणीचं पॉलिएस्टर यासाठी उत्तम. सुती कापड सुखद वाटतं, पण खारं पाणी एकदा मुरलं की मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं आणि कापड कधीच वाळत नाही. गादीच्या खोळींनाही तेच लागू. बसायच्या जागेची उंची गादीसकट दीड फूट, तिच्यावर डोक्यासाठी तीन फूट मोकळे. एवढं मिळालं तर माणूस पाठ सरळ करून बसू शकतो, आणि छोट्या बोटीत तेवढं पुरे. उभं राहता यावं म्हणून छप्पर उंच करत गेलेल्या वीस-बावीस फुटी बोटी मला रुचत नाहीत. वारा त्या छपराला धरून बोट ढकलतो.

हात धरायला जागा किती आहेत, हे चालून पाहावं. दारापासून नाळेपर्यंत जाताना एक हात सुटण्याआधी दुसऱ्या हाताला काही सापडलं पाहिजे. सगळे कोपरे निदान इंचभर गोल करावेत. फळ्यांना आणि टेबलाला कडेने दीड-दोन इंच उंच पट्टी लावावी, आणि ती कोपऱ्यात थोडी तोडलेली असावी म्हणजे पुसताना केर बाहेर काढता येतो. वर्सोवा, उत्तन, अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या बोटींत पाहा. केबिन साधी असते, पण खलाशांचे बर्थ अरुंद आणि कठड्याचे, भांडी खाचेत बसवलेली, एकवीरेची तसबीर चारही कोपऱ्यांनी घट्ट केलेली. कित्येक दिवस समुद्रात राहणाऱ्यांनी ठरवलेली मांडणी आहे ती, आणि कुठल्याही परदेशी मासिकातल्या चित्रापेक्षा आपल्याला जवळची.

छोट्या केबिनचा मोठा शत्रू बुरशी. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, भात शिजतो, ओले कपडे लटकलेले असतात, आणि ही सगळी वाफ थंड कवचावर पाणी होऊन बसते. गादीखाली सलग प्लाय असेल तर गादीची खालची बाजू काळी पडायला वेळ लागत नाही. पट्ट्या-पट्ट्यांचा तळ करावा. कवचाला ट्रकच्या केबिनसारखं रेक्झिन आणि फोम चिकटवायचा मोह होतो, कारण तो खडबडीतपणा झाकतो. काही वर्षांत फोमचा भुगा होतो आणि रेक्झिन लोंबू लागतं. त्याऐवजी बोट-बोट फट ठेवून लाकडाच्या पातळ पट्ट्या माराव्यात, मागून हवा खेळते. कपाटाच्या दारांना वेताची जाळी बसवावी. जुन्या घरांतल्या खुर्च्यांना असते तीच. ती हवा सोडते, वजन नसल्यासारखी आणि दिसायला सुरेख. छपरावर हवेचं तोंड हवंच, पण लाट त्यातून आत येते. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या स्टीव्हन्स बंधूंनी १९३० च्या दशकात ‘डोरेड’ या शिडाच्या बोटीवर काढलं: वाऱ्याचं भोंग्यासारखं तोंड थेट केबिनवर न उघडता एका लाकडी पेटीत उघडतं, त्याच पेटीत दुसऱ्या टोकाला उंच नळी केबिनमध्ये जाते. पाणी पेटीच्या तळाशी पडून बाजूच्या भोकांतून डेकवर वाहून जातं, हवा वर चढून नळीतून आत येते. प्लायच्या चार तुकड्यांचं काम आहे.

भिंती पांढऱ्या रंगवून फक्त कडापट्ट्या वार्निशच्या लाकडाच्या ठेवाव्यात. सगळंच गडद लाकूड केलं तर लहान केबिन अंधारी गुहा होते. शिवाय पांढऱ्यावर गळतीचा डाग लगेच दिसतो.

गॅसच्या बाबतीत तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड आहे. घरात गळला तर खिडकी-दारातून निघून जाण्याची शक्यता तरी असते. बोट म्हणजे खालून बंद भांडं. गळलेला गॅस तळात साचतो, वास नाकाशी येतो तेव्हा खाली बरंच साचलेलं असतं, आणि तळातच पाण्याच्या पंपाचं स्विच ठिणगी पाडायला बसलेलं असतं. सिलिंडर डेकवर, केबिनशी कोणताही संबंध नसलेल्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट समुद्राकडे उघडणारं भोक. शेगडी दोन टोकांवर टांगलेली, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. तिच्यासमोर कमरेच्या उंचीला स्टीलचा दांडा. वायरिंगबद्दल इतकंच की तांब्याच्या तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात, घरच्या उघड्या तांब्याच्या तारा आतून हिरव्या होतात. बॅटरी खाली, मध्यभागी, पट्ट्याने बांधलेली.

आणि काहीही कायमचं झाकू नये. तळाची प्रत्येक फळी उचलता आली पाहिजे, पाणी आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक व्हॉल्व्हपर्यंत हात गेला पाहिजे, प्रत्येक कप्प्याच्या तळाला पाणी पुढे वाहून जायला भोक हवं.

मोठी कामंही आपल्याकडे अशीच, करत करत शिकत आणि वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झाली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या ‘सागर परिक्रमा’ या स्वप्नासाठी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस यार्डने छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ बांधली, तेव्हा त्यांना समुद्रपार जाणाऱ्या शिडाच्या बोटीचा अनुभव नव्हता. बोट घडत असताना तिच्यावर जाणारा कमांडर दिलीप दोंदे यार्डात हजर असे. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार बंदरांत थांबत त्याने तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असं करणारा तो पहिला भारतीय ठरला.

त्याच यार्डने २०१७ मध्ये ‘सुहैली’च्या धर्तीवर बत्तीस फुटी ‘थुरिया’ बांधली, कमांडर अभिलाष टॉमीच्या एकट्याच्या प्रवासासाठी. २१ सप्टेंबर २०१८ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिला उलटंपालटं केलं, डोलकाठी मोडली आणि टॉमीच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. कवच शाबूत राहिलं, केबिन शाबूत राहिली. तो आत बर्थवर पडून होता. दुसरा उपग्रह फोन आणि हातातला रेडिओ आणीबाणीच्या पिशवीत नीट भरून ठेवलेले होते, पण उठता येत नसल्यामुळे त्या पिशवीपर्यंत तो पोचू शकत नव्हता. हाताशी असलेल्या संदेश-यंत्रावरून तो बाहेरच्या जगाला कळवत राहिला. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी त्याला बाहेर काढलं.

म्हणून बर्थ बसला आणि शेजारची कपाटं अजून बसायची आहेत, तेव्हा गादी टाकून त्यावर आडवं व्हावं. कापडाची आड बांधून घ्यावी. कमरेपासून वर न उठता, आधी एक हात आणि मग दुसरा जिथवर पोचतो तिथे भिंतीवर, छपरावर, जमिनीवर खडूने रेघ मारावी. घरातल्या सर्वांत ठेंगण्या माणसालाही झोपवून हेच करावं आणि त्याची रेघ खरी मानावी. पिण्याच्या पाण्याची बाटली, विजेरी, रेडिओ, औषधं, सुरी, सुकं खाणं आणि ती आणीबाणीची पिशवी यांचे कप्पे त्या रेघेच्या आत बांधायचे. बोट कोणत्याही बाजूला कलली तरी आपोआप उघडणार नाही, पण एका हाताने उघडता येईल अशी कडी त्यांना लावायची.